अण्णांची चार बोटं

मेमरी कार्ड कसं निवडावं हे मला कॉलेजात शिकवलं होतं. त्यात किती मावतं ते बघा, उष्णता सोसतं का बघा, वीज गेली तर आत लिहिलेलं राहतं का बघा. कार्डाचा कोपरा काडी पेटवून जाळून बघा, असं कुणी शिकवलं नव्हतं. ते मी हुबळीच्या दाजीबानपेठेत, कापडाच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर मांडी घालून शिकले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धारवाडला सप्तापुरात राहायची आणि रोज बसने हुबळीला एका बँडेजच्या कारखान्यात कामाला जायची. इलेक्ट्रिकलची इंजिनियर मी एकटीच. बाईमाणूस मशीन उघडून बसते म्हणून सुरुवातीला लोक बघायला जमायचे. मग मी बघायला येणाऱ्यांना पान्हे आणायला पाठवू लागले, तेव्हा गर्दी ओसरली. कारखाना दाजीबानपेठेतल्या एका ठोक कापड व्यापाऱ्याचा होता. त्यांना सगळे मालक म्हणत. मालकांचा जीव दुकानात. कारखाना ही त्यांच्या थोरल्या भावाची, अण्णांची हौस. अण्णा कारखाना सुरू करून वर्षभरात वारले. मी त्यांना कधी पाहिलंच नाही. तरी त्या कारखान्यात मी कुणाच्या हाताखाली काम केलं असं कुणी विचारलं, तर अण्णांच्याच असं सांगावं लागेल.

त्याचं असं होतं. अण्णा दुकानात कापड मोजायचे तेव्हा पट्टीने माप पुरं झालं की कात्री लावण्याआधी पुढे चार बोटं ठेवायचे. अंगठा सोडून, हाताची चार बोटं, एकमेकांना चिकटवून. तेवढं कापड वर, फुकट. कापड आटतं, शिवणीत जातं, कात्री वाकडी चालते, गिऱ्हाइकाने का सोसावं, असं त्यांचं म्हणणं. अळणावरकडच्या खेड्यांतली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला ह्या चार बोटांसाठी वाट वाकडी करून यायची. दुकानाला पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. ‘चार बोटांचं दुकान’ म्हटलं की टांगेवाला आणून सोडायचा.

पुढे बँडेजची मशीन आली. जाळीदार कापडाचा तागा एका बाजूने आत जाणार आणि दुसऱ्या बाजूने बँडेजचे रोल पडणार. कापड किती पुढे गेलं की सुरी पाडायची, हे ठरवायला लोखंडी कपाटात एक कंट्रोलर बसवला होता. त्याला स्वतःची अक्कल नव्हती. सगळी अक्कल एका काळ्या कार्डात, आगपेटीएवढ्या, खाचेत सरकवायच्या. मशीन लावायला आलेल्या इंजिनियरने वेष्टणावर छापलेली लांबी कार्डात घातली. अण्णा म्हणाले, वर चार बोटं घाला. तो म्हणाला, असं कोणी घालत नाही. अण्णांनी मशीनवरच्या कापडावर हात ठेवला आणि तो आकडा घालेपर्यंत उचलला नाही. शेवटी त्याने पट्टी लावून मोजलं, मुकाट्याने आकडा वाढवला, आणि काम संपवून आखातात निघून गेला. आकडा कुठे लिहून ठेवावा असं कुणाला सुचलं नाही. कशाला सुचेल? बोटं होती की समोर.

तेव्हा अण्णा गेले खरे, पण त्यांची चार बोटं कार्डात राहिली. मालकांचा ह्यावर इतका विश्वास, की ते सकाळी आले की चपला काढून त्या लोखंडी कपाटापुढे हात जोडून उभे राहायचे आणि अण्णांना हलक्या आवाजात बाजारभाव सांगायचे. एकदा मी कपाटामागे बसून वायर घट्ट करत होते, आणि मालक पुढे उभे राहून भावाला सांगत होते की ही इंजिनियर बाई कामाची आहे, पण तोंडाची फटकळ आहे. मी श्वास रोखून बसले. मध्येच बाहेर येणं म्हणजे देवळात गाभाऱ्यातून उत्तर देण्यासारखं झालं असतं.

फटकळ का असणार नाही? रोज कपाटाला हार, हळद, कुंकू, उदबत्ती. उदबत्तीच्या राखेने पंख्याची जाळी भरायची, पंखा थांबायचा, कंट्रोलर तापायचा. मी उदबत्ती दारापर्यंत न्यावी, दुसऱ्या दिवशी ती परत कपाटावर. मी ओरडले की मालक ‘हौदु, हौदु’, म्हणजे हो हो, म्हणून मान डोलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय?

मग एके दिवशी कंट्रोलरवर लाल दिवा लागला.

पोरांना तो आवडला. कपाटात नंदादीपाची उणीव होती ती भरली म्हणाले, आणि त्याच्यापुढे एक जास्वंद ठेवलं. मी मात्र हादरले. त्या जातीच्या कार्डात आतलं लिखाण एका लहानशा सेलवर जिवंत असतं. सेल संपत आला की लाल दिवा लागतो. सेल मेला की कार्ड कोरं. मी मालकांना बाजूला घेऊन हे समजावलं. कार्डाचं डोकं जाईल, मशीन थांबेल, अमुक होईल, तमुक होईल, असं बरंच सांगितलं, त्यातलं त्यांना एकच कळलं. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे अण्णा जाणार?”

मी म्हटलं, आकडा जाणार. त्यांच्या लेखी ह्यात फरक नव्हता, आणि खरं सांगते, त्यांचा तो चेहरा बघितल्यावर माझ्याही लेखी फारसा उरला नाही. भाऊ एकदा गेला ते त्यांनी कसंबसं सोसलं होतं. दुसऱ्यांदा जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

उपाय सोपा होता. विकणाऱ्याला बोलवायचं, कार्डातलं वाचायचं यंत्र त्याच्याकडे असतं, जुन्यातलं उतरवून चांगल्या, सेल न लागणाऱ्या कार्डात घालायचं. मी बेळगावहून विक्रेत्याला बोलावलं. आता कारखान्यासाठी पानपट्टीचा चुना जरी घ्यायचा असला तरी व्यवहार दुकानाच्या गादीवरच व्हायचा, ही घराण्याची रीत. तेव्हा तो बिचारा टाय लावलेला तरुण, त्याची पेटी आणि मी, असे दाजीबानपेठेत कापडाच्या ताग्यांमध्ये लोडाला टेकून बसलो. वरच्या मजल्यावर अण्णांच्या पत्नी राहत. त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्या कारखान्यात कधी आल्या नव्हत्या, दुकानातही खाली उतरत नसत. गादीवर माणसं बसली की जिन्याच्या पडद्याआडून त्यांचा हात चहाचा ट्रे पुढे करायचा. मला वहिनी म्हणजे तो हातच माहीत होता. लहानसा, गोरा, मनगटाशी गोंदलेला.

विक्रेत्याने कार्डं मांडली. एक जुन्यासारखंच सेलवालं. दुसऱ्याला काचेची खिडकी, त्यात एकदा लिहिलं की विशेष किरणांशिवाय पुसत नाही. तिसरं नवं निघालेलं, सेल नको, किरण नकोत, लिहा, पुसा, पुन्हा लिहा, वीज नसली तरी विसरत नाही. माझ्या मते बोलणं इथेच संपायला हवं होतं.

मालकांनी तिसरं कार्ड उचललं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळलं. खळ किती आहे ते बघत होते. मग उजेडाकडे धरलं. मग वास घेतला. मग म्हणाले, ‘दुसरं दाखवा.’ कापडाच्या धंद्यात पहिला दाखवलेला माल कुणी घेत नाही. विक्रेत्याने दुसरं दाखवलं. ‘ह्यात आणखी?’ पेटीत आणखी काही नव्हतं, तेव्हा मी त्याला खुणेने सांगितलं की आधीचं तिसरंच पुन्हा दाखव. ते मालकांना बरं वाटलं. पोत चांगला आहे म्हणाले. पुढे पन्हा, म्हणजे रुंदी विचारली. विक्रेता माझ्याकडे बघू लागला. मी सांगितलं, दोन बोटं. धुतल्यावर आटतं का, असं विचारलं. विक्रेता म्हणाला, साहेब, हे धुवायचं नसतं. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, बघा, आत्ताच अंग काढून घेतोय.

आणि मग त्यांनी काडी पेटवली. सुती आहे की मिलावट, हे बघायला व्यापारी सूत जाळून बघतात, राख झाली तर सुती, गोळा झाला तर भेसळ. काडी कार्डाच्या कोपऱ्याशी पोचली तेव्हा विक्रेत्याने झडप घातली आणि कार्ड छातीशी धरलं. त्याच्या टायला भोक पडलं. मालकांना काही वाईट वाटलं नाही. टायचं सूत नकली आहे एवढं म्हणाले.

शेवटी मी मधे पडले आणि स्पष्ट विचारलं की तिसरं घ्यायचं ना. मालकांनी विझलेली काडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, एका घरातून दुसऱ्या घरात नेताना वाटेत काही झालं तर? मी म्हटलं, नेत नाही, नक्कल करतो, जुन्यातलं जुन्यात राहतंच. ते आणखीच घाबरले. म्हणजे दोन अण्णा होणार का, मग खरे कुठले, सकाळी कुणापुढे उभं राहायचं? आमच्या कॉलेजात हे शिकवलं नव्हतं. मालकांनी कार्डं परत पेटीत ठेवायला सांगितलं आणि धारवाडपासून हुबळीपर्यंत सगळी कामं ज्या एका शब्दावर अडून बसतात, तो शब्द उच्चारला. ‘नोडोण.’ म्हणजे बघूया. दसरा होऊ दे, मग चांगला दिवस बघून करू.

लाल दिवा जळत राहिला. मी रोज सकाळी आधी तो बघायची आणि मग चपला काढायची. हो, मीही चपला काढायला लागले होते.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी सगळं धुऊनपुसून चकचकीत करायचं, गोदाम रिकामं करून झाडायचं, नवमीला वीज बंद, कुणी पान्ह्यालाही हात लावायचा नाही. माणसांना नवे कपडे, गाड्यांना केळीचे खुंट, दारात कोहळा फोडायचा. त्या दिवशी माझ्या बसचीही पूजा होती. नवनगरला बस थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरने चारी चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला, नारळ फोडला, सगळ्या प्रवाशांना चुरमुरे वाटले. मी घाई करा म्हटलं तर एक आजोबा माझ्यावरच डाफरले. मी कारखान्यात पोचले तेव्हा आरती संपत आली होती.

तीर्थ घेतलं, अंगारा लावला, आणि मग पूजेच्या ताटाकडे लक्ष गेलं. फुलांच्या आणि अक्षतांच्या मधे कार्ड. शेजारी एक जुना सेल, काळवंडलेला.

मालक रेशमी धोतरात, घामाने डवरलेले, आनंदात होते. मला म्हणाले, सगळ्यांना नवे कपडे झाले, अण्णांना काय द्यायचं? मी तुमचं ऐकलं. त्यांना नवा सेल घातला.

देवा. सेल बदलायचाच असेल तर कार्ड खाचेत आणि वीज चालू, अशा वेळी बदलायचा असतो. वीज बंद, कार्ड ताटात, सेल बाहेर. तरीसुद्धा अशा कार्डात थोडा वेळ तग धरायची सोय असते, चटकन बदललं तर निभावतं. मी विचारलं, किती वेळ लागला? शेजारचा फिटर कौतुकाने सांगू लागला, की जुना काढल्यावर मालकांनी नव्या सेलला पाण्याने शुद्ध केलं, हळदकुंकू लावलं, भटजींकडून मंत्र म्हणून घेतले, आरती ओवाळली आणि मग बसवला. सगळं यथासांग.

मी हसावं की रडावं? कुणाला काही बोलले नाही. सणाच्या दिवशी, तोंडात पेढा असताना, काय सांगायचं? पेढा गिळला, घरी गेले, आईवर उगाच चिडले.

दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पानं वाटून झाली, सोन्यासारखे राहू म्हणून झालं, आणि मुहूर्तावर मालकांनी स्वतः बटण दाबलं. रोलर हलले नाहीत. कंट्रोलरवर दुसराच एक दिवा लुकलुकत राहिला. मालकांनी पुन्हा दाबलं. मग मागे न बघता मला विचारलं.

“बाई, मी पुसला का अण्णाला?”

खोटं बोलता आलं असतं. मला नाही जमलं. मी म्हटलं, सेल वीज चालू ठेवून बदलायचा असतो, मालक. ते बँडेजच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मोठा माणूस, गळ्यात सोन्याची साखळी, दसऱ्याचं धोतर, आणि आजूबाजूला पंधरावीस माणसं हातात बन्नीची पानं घेऊन उभी. मला त्यांचा राग आला होता तो कुठे गेला कुणास ठाऊक. मीही रडले.

विक्रेता नवा टाय लावून आला. मशीन बनवणाऱ्यांकडून मूळ प्रोग्रॅम आणला होता, पण त्यात वेष्टणावर छापलेली नेमकी लांबी, चार बोटं नाहीत. मालकांनी सांगितलं, चार बोटं घातल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. हुबळीच्या इस्पितळांत माणसं बँडेजविना राहिली तरी चालेल. मग प्रश्न एकच उरला. कुणाची चार बोटं?

गावातल्या औषधाच्या दुकानातून आमचाच एक रोल आणून मोजू, असं मी सुचवलं आणि पस्तावले. जाळीचं कापड ओढाल तेवढं लांब. मालकांनी मोजलं तर पाच बोटं वर आली, विक्रेत्याने मोजलं तर दोन, फिटरने मोजलं तर उलट कमीच भरलं. सप्तापूरहून मी आईकडचा एक रोल आणला. तो तिने धुवून ठेवला होता. मालकांनी हातात घेताक्षणी बाजूला टाकला. आटलाय.

मग अण्णांसारखे हात कुणाचे, ह्यावर शोध सुरू झाला. दुकानाच्या गादीवर पांढरं कापड अंथरलं आणि ज्याने त्याने हात ठेवायचा. मालकांची स्वतःची बोटं जाडी. मुलाची बारीक. दुकानातले जुने कारकून म्हणाले, अण्णांची बोटं लांब होती. मालक म्हणाले, लांबीशी काय करायचंय, रुंदी सांगा. शेजारचे दुकानदार आले, हात ठेवून गेले. कुणाचं नख वाढलं, कुणाचा सांधा सुजलेला, त्यावरून भांडण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी तिथे याचि डोळा बघितलं. अण्णांच्या फोटोत छातीपर्यंतच अण्णा होते. मग कुणाला त्यांची अंगठी आठवली. विक्रेत्याने अंगठीचा व्यास मोजून चारने गुणला, तेव्हा कारकून म्हणाले की अंगठी सैल होती, आत दोरा गुंडाळून घालायचे. विक्रेता घामेजून म्हणाला, सगळ्यांच्या बोटांची सरासरी काढू. मालक त्याच्याकडे असे बघत राहिले की तो आपली पेटी आवरू लागला.

इतका आरडाओरडा झाला की जिन्यावरचा पडदा हलला. ह्या वेळी ट्रे नव्हता. वहिनी खाली आल्या. उतारवयाच्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर. मालक उठून उभे राहिले. वहिनींनी कुणाला काही विचारलं नाही. कपाळावर आठ्या घालून अंथरलेल्या कापडाजवळ बसल्या, उजव्या हाताची चार बोटं चिकटवून कापडावर ठेवली. मग डाव्या हाताचं एक बोट त्यांना लागून ठेवलं.

“त्यांची चार म्हणजे माझी पाच.”

मालकांनी विचारलं, वहिनी, तुम्हाला कसं ठाऊक? वहिनी कापडाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, दुकान बंद करून वर आले की हातात हात घेऊन बसायचे. मला काय काम होतं दुसरं? मोजत बसायची.

मी स्टीलची पट्टी काढली, त्यांच्या बोटांना लावली. दोनदा मोजलं. विक्रेत्याच्या यंत्रावर मी आकडा घातला.

आता तो कुठल्या कार्डात उतरवायचा? मी तिसरं पुढे केलं. हे कधी विसरत नाही, कुणाच्या हातून पुसत नाही, अगदी पूजा केली तरी. मालक लगेच हो म्हणाले. वहिनींनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, खाली ठेवलं आणि सेलवाल्याकडे बोट केलं. ह्याचं काय? मी सांगितलं, ते नको, त्याचा सेल दर वर्षी बदलावा लागतो, नाहीतर विसरतं.

“हेच घ्या. सेल बदलायला मला बोलवा.”

मी इंजिनियर. चार शब्द तरी बोलायला हवे होते. वीज, धोका, भरवसा, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण नवरा गेल्यापासून जिना न उतरलेली बाई वर्षातून एकदा कारखान्यात यायचं कारण मागत होती, ते मी कुठल्या तोंडाने नाकारू? सेलवालं कार्ड घेतलं. तिसऱ्या कार्डात एक नक्कल करून मी माझ्या कपाटात टाकली आणि मालकांना सांगितलं नाही, नाहीतर पुन्हा दोन अण्णा झाले असते.

तेव्हापासून दर खंडेनवमीला वहिनी रिक्षाने कारखान्यात येऊ लागल्या. नवमीला वीज चालू ठेवायची म्हणजे धर्मसंकट. भटजींना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, सणाच्या दिवशी नंदादीप विझवतात का? तेव्हा सगळी मशीन झोपलेली आणि एक कंट्रोलर जागा, अशी सोय झाली. वहिनी कपाटापुढे पाटावर बसायच्या. मी सांगेन तसा जुना सेल काढायच्या, नवा घालायच्या, ह्यात दोन मंत्रांएवढाही वेळ जायचा नाही. भटजी मागे ताटकळत. मग दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झाली की पहिला रोल कुणी हाताने ओढायचा नाही. तो मशीनवरच ताणलेला असताना वहिनी छापील लांबीच्या खुणेपुढे पाच बोटं ठेवायच्या आणि सुरी त्यांच्या बोटाशी लागून पडायची. मला दर वर्षी धडकी भरायची. त्यांना नाही. थोडा वेळ हात तसाच ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, चालू करा.

अशी बरीच वर्षं गेली. गावात मोबाईल आले, दुकानाची गादी जाऊन खुर्च्या आल्या, विक्रेत्याच्या डोक्यावरचे केस गेले. तो दर भेटीत सांगायचा की तुमच्या कंट्रोलरची कार्डं आता कुठे मिळत नाहीत, सगळं बदला. मालक म्हणायचे, नोडोण.

वहिनींचा शेवटचा दसरा मला आठवतो. घरातल्या दोघींनी त्यांना धरून आणलं होतं. आदल्या दिवशी सेल मीच त्यांच्या हाताला हात लावून बसवला होता. मशीन सुरू झाली, कापड ताणून थांबलं, वहिनींनी खुणेपुढे चार बोटं ठेवली, त्यांना लागून पाचवं. सुरी पडली ती बोटापासून लांब, मधे चांगली फट. मालक कासावीस झाले. माझ्याकडे बघून विचारू लागले, बाई, कार्डात काही हललं का, सेल नीट बसला ना. मीही घाबरून कपाटाकडे वळले.

वहिनी म्हणाल्या, “कार्ड बरोबर आहे. मी आटले.”

मग डाव्या हाताचं आणखी एक बोट त्यांनी त्या फटीत ठेवलं आणि मालकांना म्हणाल्या, चालू करा.